‘लवकरच संपर्क करू’ म्हणजे नक्की कधी? ग्राहक सेवेच्या मुदती वाचण्याची रीत

ग्राहक सेवेकडून मिळालेली कुठलीही मुदत लिहून घेताना चार प्रश्न विचारावेत. घड्याळ कधी सुरू झाले? काय घडले की ते थांबले असे कंपनी मानते? मधले कोणते तास आणि कोणते दिवस मोजणार? आणि सांगितलेला आकडा सरासरी आहे की कमाल मर्यादा?

‘आपल्याला ४८ तासांत प्रतिसाद मिळेल’ या वाक्यात यांपैकी एकाही प्रश्नाचे पक्के उत्तर नाही. फोनवरचा कर्मचारी बहुतेक वेळा फसवत नसतो. समोरच्या पडद्यावर जे ठरीव वाक्य असते, ते तो वाचून दाखवतो. त्याच्याशी वाद घालून काही हाती लागत नाही. त्या वाक्यातून एक तारीख आणि एक वेळ काढून घ्यायची, हे आपले काम.

फोनवर थांबताना

‘सध्या कॉलची संख्या नेहमीपेक्षा जास्त आहे’ हा निरोप दोन प्रकारे लावलेला असतो. काही ठिकाणी रांग ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तो आपोआप सुरू होतो. काही ठिकाणी तो एकदा लावला की कायमच वाजत राहतो. फरक ओळखायचा असेल तर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा फोन लावून पाहावा. सकाळी उघडताच आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारीही तोच निरोप ऐकू आला, तर त्यातून गर्दीबद्दल काहीच कळत नाही असे समजावे. खरोखरची गर्दी साधारणपणे आठवड्याच्या पहिल्या दिवशी सकाळी, सुट्टीनंतरच्या दिवशी आणि बिले निघण्याच्या सुमारास असते.

‘अंदाजे प्रतीक्षा पाच मिनिटे’ हा आकडा यंत्रणा मुख्यतः दोन पद्धतींनी काढते. एक, नुकताच जोडला गेलेला माणूस किती थांबला होता ते पाहून. दोन, पुढे असलेल्यांची संख्या, एका कॉलला लागणारा सरासरी वेळ आणि कामावरचे कर्मचारी यांचा हिशेब करून. पहिल्या पद्धतीत सांगितलेली वेळ मागची असते. गर्दी वाढत असताना ती कमी दाखवते आणि ओसरताना जास्त.

दुसरा हिशेब आपणही करू शकतो. समजा तुमच्यापुढे १० जण आहेत, ५ कर्मचारी बोलत आहेत आणि एका कॉलला सरासरी ६ मिनिटे लागतात. म्हणजे दर १ मिनिट १२ सेकंदांनी एक कर्मचारी मोकळा होतो. तुमचा नंबर लागण्यासाठी तसे ११ वेळा व्हायला हवे, म्हणजे सुमारे १३ मिनिटे. तोच एकटा कर्मचारी असेल तर ६६ मिनिटे. म्हणून ‘तुम्ही रांगेत अकरावे आहात’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

कर्मचारी किती आहेत हे आपल्याला कळत नाही, पण रांगेचा वेग मोजता येतो. क्रमांक पहिल्यांदा ऐकला की घड्याळ पाहा, पाच मिनिटांनी पुन्हा पाहा. १०:०५ ला नववे होता आणि १०:१० ला सहावे झालात, तर पाच मिनिटांत तीन जण सरकले. उरलेल्या सहा पायऱ्यांना त्याच वेगाने आणखी १० मिनिटे लागतील. दहा मिनिटांत क्रमांक हललाच नाही तर तुमच्या विषयाचे कर्मचारी फारच थोडे आहेत. क्रमांक वाढला तर प्राधान्य असलेले ग्राहक मध्ये घातले जात आहेत. अशा वेळी अंदाजावर विसंबू नये, परतफोनाचा, म्हणजे कंपनीनेच तुम्हाला उलट फोन करण्याचा, पर्याय घ्यावा.

हा अंदाज इतका का चुकतो, याचे गणित शंभर वर्षांहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ ते १९१७ या काळात त्याचा पाया घातला, आणि कॉल सेंटरमध्ये किती माणसे बसवायची हे आजही त्याच्या सूत्रावरून ठरवतात. तासाला १०० कॉल आणि प्रत्येकी सरासरी ६ मिनिटे धरली, तर १० माणसांचे पूर्ण वेळ काम होते. तेवढीच माणसे ठेवली तर रांग वाढतच जाते, कारण कॉल ठरावीक अंतराने येत नाहीत, घोळक्याने येतात. सूत्राप्रमाणे १४ माणसे असतील तर सरासरी थांबणे सुमारे १६ सेकंदांचे, १३ असतील तर ३४ सेकंदांचे, १२ असतील तर १ मिनिट २० सेकंदांचे, आणि ११ असतील तर ४ मिनिटांहून थोडे जास्त. म्हणजे बारापैकी एक जण जेवायला उठला की थांबणे तिपटीने वाढते. तुम्ही रांगेत शिरलात तेव्हा सांगितलेली वेळ पाच मिनिटांनी लागू राहत नाही, ती यामुळे.

‘सरासरी’ या शब्दाला विशेष जपावे. या क्षेत्रात ‘८० टक्के कॉल २० सेकंदांत उचलणे’ हे उद्दिष्ट फार प्रचलित आहे. दहा जणांपैकी आठ जण १५ सेकंद थांबले आणि दोघे २० मिनिटे थांबले, तरी ते उद्दिष्ट पूर्ण झाले. त्या दहा जणांची सरासरी निघते ४ मिनिटे १२ सेकंद, आणि तेवढा वेळ त्यांच्यापैकी एकही जण थांबलेला नाही. शिवाय ही मोजणी बहुधा तुम्ही रांगेत शिरल्यापासून होते. भाषा निवडणे, खाते क्रमांक टाकणे, ‘मुख्य मेनूसाठी नऊ दाबा’ ऐकणे यात गेलेला वेळ त्यात धरलेला नसतो. तुमच्या नोंदीत मात्र फोन लावल्याची वेळ लिहा.

‘पाच मिनिटांपेक्षा कमी’ आणि ‘दहा मिनिटांपेक्षा जास्त’ ही दोन वाक्ये वरवर सारखी वाटतात, पण पहिल्यात वरची हद्द आहे आणि दुसऱ्यात नाही. दुसऱ्याचा अर्थ अकरा मिनिटे होतो, तसाच दीड तासही होतो.

परतफोन घ्यायच्या आधी दोन गोष्टी तपासा: रांगेतली तुमची जागा कायम राहते का, आणि फोन उचलला गेला नाही तर ते किती वेळा प्रयत्न करतात. पुष्कळ ठिकाणी एक किंवा दोनच प्रयत्न होतात आणि मग विनंती रद्द होते. फोन अनोळखी क्रमांकावरून येऊ शकतो, म्हणून त्या वेळेपुरती अनोळखी कॉल अडवण्याची सोय बंद ठेवा. आलेल्या फोनवर मात्र पासवर्ड किंवा ओटीपी सांगू नका. शंका आली तर फोन ठेवून कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः लावा.

दुसऱ्या विभागाकडे कॉल जोडतानाही जागा जाते. ‘मी जोडून देतो’ म्हणजे बहुतेक वेळा नव्या रांगेच्या शेवटी. त्याआधी म्हणा: ‘मी लाइनवर असतानाच पुढच्या व्यक्तीला माझी अडचण सांगा आणि मग जोडा. कॉल तुटला तर कुठल्या क्रमांकावर कुठला पर्याय निवडायचा तेही सांगा.’

चॅट आणि ईमेल

‘सहसा काही मिनिटांत उत्तर देतात’ ही पाटी मागच्या काळातल्या उत्तरांवरून आपोआप लागलेली असते. ते वचन नव्हे. चॅटवर ‘प्रतिनिधी जोडले गेले आहेत’ असे दिसल्यानंतरही ती व्यक्ती एकाच वेळी दोन-तीन जणांशी बोलत असू शकते. ती उशीर करू शकते, तुम्ही मात्र काही मिनिटे गप्प राहिलात तर यंत्रणा संभाषण बंद करते आणि पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. म्हणून चॅट सुरू करण्याआधीच ऑर्डर क्रमांक, तारखा आणि अडचणीचे तीन-चार ओळींतले वर्णन तयार ठेवावे, जोडणी होताच चिकटवावे, आणि शोधाशोध करायची असेल तर ‘थांबा, पाहतो’ एवढे तरी लिहावे. संपल्यावर संभाषणाची प्रत ईमेलवर मागवावी किंवा स्क्रीनशॉट काढावेत.

ईमेलमध्ये सगळ्यात मोठी गफलत ‘प्रतिसाद’ आणि ‘निराकरण’ यांची होते. ‘२४ तासांत प्रतिसाद’ हे वचन ‘आपली तक्रार तपासत आहोत’ एवढ्या ओळीनेही पूर्ण होते. काही ठिकाणी आपोआप येणारी पोहोचसुद्धा त्यात धरतात. आपल्याला मुदत निराकरणाची हवी असते, ती वेगळी विचारावी लागते.

४८ तास, तीन अर्थ

कार्यालय सोमवार ते शुक्रवार, रोज आठ तास, सकाळी ९ ते ५ चालते असे धरा. तुम्ही शुक्रवारी दुपारी ४ वाजता तक्रार नोंदवली. घड्याळाचे ४८ तास रविवारी दुपारी ४ ला संपतात. ‘४८ तास’ म्हणजे कामकाजाचे दोन दिवस असा अर्थ घेतला तर मंगळवारी ४ ला. आणि ‘कामकाजाचे ४८ तास’ असा शब्दशः अर्थ घेतला तर आठ तासांचे सहा दिवस, म्हणजे त्यापुढच्या आठवड्यातल्या सोमवारी ४ वाजता, तक्रारीपासून दहा दिवसांनी. मध्ये सार्वजनिक सुट्टी आली तर आणखी पुढे.

‘तीन कामकाजाचे दिवस’ यातही एक दिवस इकडे-तिकडे होतो. शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता पाठवलेली तक्रार सोमवारी मिळाली असे धरतात. सोमवार हा पहिला दिवस मोजला तर मुदत बुधवारी संपते, ‘मिळाल्याचा दिवस सोडून’ मोजला तर गुरुवारी. म्हणून मोजदाद स्वतः करत बसू नये, तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावी.

त्याहून अवघड शब्द म्हणजे ‘सर्व कागदपत्रे मिळाल्यापासून’. इथे घड्याळ तुमच्या तक्रारीने सुरूच होत नाही. आठव्या दिवशी ‘एक पावती कमी आहे’ असा ईमेल आला की मोजणी पुन्हा शून्यावर जाऊ शकते. तक्रार हाताळणाऱ्या अनेक यंत्रणांमध्ये ‘ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा’ अशी स्थिती लावली की मुदतीचे घड्याळ थांबते. तुम्ही उत्तर दिलेच नाही तर काही दिवसांनी तक्रार आपोआप ‘निकाली’ होते. यावर उपाय असा: पहिल्याच पत्रात कागदपत्रांची यादी मागा, सगळी एकत्र पाठवा आणि लिहा, ‘यादीतली सर्व कागदपत्रे जोडली आहेत. काही अपुरे असल्यास कृपया उद्यापर्यंत कळवावे.’ रोज स्पॅमचा कप्पा पाहा, कारण प्रश्न विचारणारा ईमेल तिथे पडून राहिला तरी घड्याळ थांबलेलेच राहते.

मुदत घेताना काय बोलायचे

पुढचे प्रश्न याच क्रमाने, शांतपणे विचारावेत:

१. माझा तक्रार क्रमांक काय, आणि आत्ता तिची स्थिती कोणती दिसते?
२. ही मुदत उत्तराची आहे की काम पूर्ण होण्याची?
३. दिवस कामकाजाचे की सलग? म्हणजे शेवटची तारीख कोणती?
४. माझ्याकडून काही येणे बाकी आहे का?
५. त्या तारखेपर्यंत झाले नाही तर मी कोणाकडे जायचे?

तिसऱ्या प्रश्नावर ‘नक्की सांगता येणार नाही’ असे उत्तर मिळाले तर पूर्ण होण्याची तारीख सोडून द्या आणि विचारा, ‘मग पुढची खबर मला कोणत्या तारखेला मिळेल?’ काम कधी संपेल हे त्या कर्मचाऱ्याच्या हातात नसते, पण पुढच्या फोनची तारीख तो नोंदवू शकतो.

‘संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ आणि ‘वरिष्ठांकडे सोपवले आहे’ या दोन्हींत मुदत नसते. विभागाचे नाव, पाठवल्याची तारीख आणि त्या विभागाची स्वतःची मुदत विचारावी. तक्रार क्रमांक बदलला असेल तर दोन्ही क्रमांक जपावेत.

फोन ठेवल्यावर लगेच तक्रारीच्या ईमेल-धाग्यात, म्हणजे आधीच्याच ईमेलला उत्तर म्हणून, दोन ओळी लिहाव्यात: ‘आज १४ तारखेला सकाळी ११:२० ला झालेल्या बोलण्यानुसार, तक्रार क्रमांक अमुक, काम २१ तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत पूर्ण होईल असे सांगण्यात आले. यात चूक असल्यास कळवावे.’ कर्मचाऱ्याचे सांगितलेले नाव, फोन लावल्याची वेळ आणि माणूस बोलू लागल्याची वेळ आपल्या वहीत ठेवावी. त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘साधारण’, ‘पर्यंत’, ‘किमान’ यांतला एक शब्द गळला तरी अर्थ बदलतो.

मुदतीच्या आत रोज नवा ईमेल पाठवू नका. नवी तक्रार उघडली तर ती ‘दुबार’ म्हणून बंद होऊ शकते, किंवा जुनी बंद करून नवीच ठेवली जाते आणि तारीख पुढे सरकते. काही यंत्रणांत शेवटच्या संदेशाच्या वेळेनुसार रांग लागते, तिथे प्रत्येक आठवणपत्राने तुमची तक्रार मागे जाते. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच धाग्यात, एकच पत्र पाठवा: मुदतीची तारीख, ती कोणी दिली, आज काय स्थिती आहे आणि तुम्हाला काय हवे. तक्रार ‘निकाली’ दाखवत असेल आणि काम झाले नसेल तर त्याच संदेशाला लगेच उत्तर देऊन ती पुन्हा उघडून घ्या. काही दिवसांनी ती सोय बंद होते आणि सगळे नव्याने सुरू करावे लागते.

पैसे परत येण्याची मुदत

‘परतावा सुरू केला’, ‘परतावा पूर्ण केला’ आणि ‘रक्कम जमा झाली’ या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या दोन कंपनीच्या बाजूच्या, तिसरी तुमच्या बँकेची. ‘५ ते ७ दिवस’ सांगितले तर ते कुठल्या पायरीपासून हे विचारा, कारण वस्तू परत पोहोचून तपासली जाण्याचा काळ बहुधा त्याच्या आधीचा असतो. कार्डाने पैसे दिले असतील तर ‘परतावा पूर्ण’ म्हटल्यावर एआरएन मागा. हा २३ अंकी क्रमांक असतो आणि त्यावरून तुमची बँक रक्कम शोधू शकते. कंपनीला तो देता येत नसेल, तर पैसे बहुधा अजून तिच्याकडून निघालेले नाहीत. मग बँकेकडे न जाता कंपनीकडूनच नवी तारीख घ्या.