रोममधली ख्रिस्ती स्थळं काळाच्या क्रमाने पाहा

अभ्याससहलीसाठी रोमला जाणार असाल, तर स्थळं नकाशावरच्या अंतराने न लावता काळाच्या क्रमाने लावा. थोडी पायपीट वाढेल, पण इतिहास उलगडत जातो.

सुरुवात सेंट कॅलिस्टसच्या भुयारी दफनभूमीपासून करा. तिथल्या जुन्या खुणा म्हणजे मासा, जहाजाचा नांगर, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. क्रूसावरचा येशू मात्र दिसत नाही. मग सांता सबिना चर्चचा पाचव्या शतकातला लाकडी दरवाजा पाहा. क्रूसारोहणाच्या सर्वांत जुन्या ज्ञात चित्रणांपैकी एक त्यावर कोरलेलं आहे. ते छोटं आहे आणि वरच्या कोपऱ्यात आहे, म्हणून लहान दुर्बीण जवळ हवीच. इ.स. 313 मध्ये ख्रिस्ती धर्माला कायदेशीर मान्यता मिळाल्यानंतर श्रद्धेची चित्रभाषा किती बदलली, हे या दोन जागा लागोपाठ पाहिल्यावरच जाणवतं.

सान क्लेमेंते चर्च शेवटी ठेवा. बाराव्या शतकातल्या चर्चखाली चौथ्या शतकातलं चर्च आणि त्याखाली रोमन इमारती, मिथ्र या रोमन काळात पुजल्या जाणाऱ्या देवाच्या पूजास्थानासह.

खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. एखाद्या प्रार्थनेलाही मागच्या बाकावर शांतपणे बसा. या वास्तू आजही उपासनेच्या आहेत.