घरी रॉक ऐकण्यासाठी ट्यूब प्रीअँप कसा निवडावा

प्रीअँप म्हणजे सीडी प्लेअरसारख्या यंत्राचा सिग्नल घेऊन तो स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अँप्लिफायरकडे पाठवणारे यंत्र; ट्यूब प्रीअँपमध्ये हे काम काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या, म्हणजे ट्यूब, करतात. तो घ्यायचे ठरवण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रॉक संगीतातील गिटारचा जो भरड, तापलेला आवाज आपल्याला प्रिय असतो, तो गिटारवादकाच्या अँप्लिफायरमधील ट्यूब्जवर मुद्दाम जास्त भार टाकून ध्वनिमुद्रणाच्या वेळीच तयार झालेला असतो. घरच्या प्रीअँपने त्यात भर घालायची नसते. एकट्या गायकाच्या आवाजाला ट्यूबमुळे येणारी थोडी विकृती (डिस्टॉर्शन) गोडवा देते. परंतु दोन गिटारी, बास, ड्रम्स आणि गायक एकाच वेळी जोरात वाजत असताना तीच विकृती सगळ्यांचे स्वर एकमेकांत मिसळून वाद्यमेळ गढूळ करते. म्हणून ‘उबदार’ म्हणून नावाजलेल्या प्रीअँपपेक्षा स्वच्छ, खरखर नसलेला आणि खालच्या स्वरांत भक्कम असा प्रीअँप शोधावा, असे माझे ठाम मत आहे.

निवडीची सुरुवात दुकानातून न करता घरातल्या पॉवर अँप्लिफायरच्या माहितीपत्रकातून करावी. त्यातील दोन आकडे वहीत उतरवून घ्यावेत: पूर्ण ताकदीसाठी किती व्होल्टचा सिग्नल लागतो आणि इनपुट इंपीडन्स, म्हणजे येणाऱ्या सिग्नलला त्याचा इनपुट करत असलेला विरोध, किती ओहमचा आहे. पुढचे बहुतेक निर्णय याच दोन आकड्यांवर ठरतात.

पहिला आकडा गेनसाठी, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा त्यासाठी. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल संगीताचा विद्युत सिग्नल करणारे यंत्र) साधारणतः 2 व्होल्टपर्यंत सिग्नल देतो आणि बहुतेक पॉवर अँप 1 ते 2 व्होल्टला पूर्ण क्षमतेने वाजतात. याचा अर्थ प्रीअँपने फारसे वाढवावे असे काही उरत नाही. 6 ते 12 डेसिबल गेन भरपूर होतो. 20 डेसिबल म्हणजे दहापट, आणि एवढ्या गेनचा प्रीअँप घेतला तर आवाजाची खुंटी नेहमी तळाशीच राहते. खुंटीमागच्या स्वस्त पोटेन्शिओमीटरमध्ये त्या भागात डावा आणि उजवा चॅनल सारखे चालत नाहीत, त्यामुळे मधोमध असायला हवा तो गायक एका बाजूला सरकतो. 1990 च्या दशकापासून रॉकच्या अल्बमचे मास्टरिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणावरचा अखेरचा संस्कार, सरासरी पातळी बरीच वर ठेवून होऊ लागले, त्यामुळे रॉकच्या श्रोत्यांना हा त्रास इतरांपेक्षा अधिक जाणवतो. कोणती ट्यूब वापरली आहे हेही येथेच पाहावे. 12एएक्स7, म्हणजेच ईसीसी83, या ट्यूबचा वर्धनांक 100 आहे, तर 12एयू7 चा 20 च्या आसपास. सीडी प्लेअर किंवा डॅकच्या अशा (लाइन) सिग्नलसाठी 12एयू7 किंवा 6एसएन7 वर आधारलेली रचना सहसा सोयीची ठरते. विनाइल तबकड्या ऐकणाऱ्यांचे गणित वेगळे असते. तबकडीवरच्या सुईच्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या पिकअपमधून अवघे 5 मिलिव्होल्ट येतात, त्यांना सुमारे 40 डेसिबल गेन आणि आरआयएए दुरुस्ती (तबकडीवर मुद्दाम बदललेला स्वरांचा तोल पूर्ववत करणारी) देणारा फोनो विभाग लागतो. तो प्रीअँपमध्ये आहे की वेगळा घ्यावा लागणार, हे आधीच विचारून घ्यावे.

दुसरा आकडा बाससाठी, आणि रॉकचा पाया बासवरच उभा असल्यामुळे येथे घाई करू नये. बहुतेक ट्यूब प्रीअँपच्या आउटपुटला एक कपॅसिटर असतो. तो उच्च दाबाचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा विद्युतप्रवाह, अडवतो आणि संगीत पुढे सोडतो. हा कपॅसिटर आणि पॉवर अँपचा इनपुट इंपीडन्स मिळून खालचे स्वर कोठून कमी व्हायला लागतील ते ठरवतात. चार तारांच्या बास गिटारचा सर्वांत खालचा स्वर सुमारे 41 हर्ट्झचा असतो. कपॅसिटर 0.22 मायक्रोफॅरडचा आणि पॉवर अँपचा इनपुट 10 किलोओहमचा असेल, तर 72 हर्ट्झलाच 3 डेसिबलची घट झालेली असते आणि त्याखाली ती वाढतच जाते. बास पातळ होतो, किक ड्रमचा ठोका पोकळ लागतो आणि ऐकणारा विनाकारण स्पीकरला दोष देतो. तोच कपॅसिटर 47 किलोओहमला जोडला की ही सीमा 15 हर्ट्झवर जाते आणि तक्रार उरत नाही. ट्रान्झिस्टरच्या अनेक पॉवर अँपचा इनपुट 10 ते 20 किलोओहमचा असतो, म्हणून अशांसाठी कॅथोड फॉलोअर आउटपुट (आउटपुट इंपीडन्स कमी ठेवणारी ट्यूबची रचना) असलेला आणि 2 मायक्रोफॅरड किंवा त्याहून मोठा कपॅसिटर असलेला प्रीअँप निवडावा. पॉवर अँपचा इनपुट इंपीडन्स प्रीअँपच्या आउटपुट इंपीडन्सच्या किमान दहापट असावा, हा नियमही पाळावा. विक्रेत्याला हे आकडे सांगता येत नसतील, तर ते यंत्र घेऊ नये.

ट्यूबच्या प्लेटला (आतल्या धन विद्युत टोकाला) किती व्होल्ट मिळतात, हा प्रश्नही अवश्य विचारावा. वर सांगितलेल्यांसारखी ट्यूब नीट काम करण्यासाठी साधारणतः शंभर ते अडीचशे व्होल्ट घेते. कमी किमतीच्या काही यंत्रांत तिला फक्त 12 ते 24 व्होल्ट दिले जातात आणि खाली रंगीत एलईडी लावून ती झळाळती दाखवली जाते. अशी ट्यूब लवकर विकृत होते. मात्र उच्च दाबाच्या यंत्राचे झाकण स्वतः उघडू नये, कारण स्विच बंद केल्यावरही आतले कपॅसिटर जिवावर बेतेल इतका भार धरून ठेवू शकतात.

आता आपल्याकडच्या परिस्थितीकडे वळू. गोव्यात अशी यंत्रे बरेचदा जहाजावरच्या किंवा परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून येतात. आखात, पोर्तुगाल किंवा इंग्लंडमधले यंत्र सहसा आपल्या 230 व्होल्टवर चालते. अमेरिकेतले 120 व्होल्टचे आणि जपानमधले 100 व्होल्टचे यंत्र थेट जोडल्यास जळते. आत व्होल्टेज बदलण्याची सोय आहे का ते पाहावे, नसल्यास योग्य क्षमतेचा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. 60 हर्ट्झपुरताच बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या 50 हर्ट्झवर अधिक तापतो, हेही ध्यानात ठेवावे. जांभ्या दगडाच्या कोरड्या, खडकाळ जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कमकुवत होते, म्हणून ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये, तो जीवघेणा ठरू शकतो.

शक्यतो यंत्र घरी आणून ऐकण्याची मुभा मागावी. पहिल्यांदा संगीत न लावता खुंटी नेहमीच्या जागी ठेवावी आणि बसण्याच्या ठिकाणाहून गुणगुण किंवा खरखर ऐकू येते का ते पाहावे. मग ट्यूब झाकण न उघडता बाहेरूनच हाताला लागत असतील, तर पेन्सिलच्या रबराने त्यांना हलकेच टिचकी मारावी. स्पीकरमधून घंटेसारखा दीर्घ नाद आला, तर ती ट्यूब कंपनांना संवेदनशील आहे, आणि मोठ्या आवाजात रॉक वाजू लागला की ती स्वतःची भर घालणार. जुन्या घरांच्या लाकडी माडीवर हा त्रास अधिक होतो. जुन्या आणि नव्या यंत्राची तुलना करताना दोन्हींची पातळी मोबाइलवरील ध्वनिमापकाने सारखी करून घ्यावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला भासतो. वाड्यावर घरे लागून असल्यामुळे रात्री हळू ऐकणे भाग पडते, आणि कमी आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो. अशांनी टोन कंट्रोल असलेला प्रीअँप घेण्यास संकोच करू नये.

ट्यूब झिजतात, म्हणून बदली ट्यूब सहज मिळणारी रचनाच घ्यावी. 12एएक्स7 आणि 12एयू7 आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी बनवलेल्या ट्यूबही जुन्या साठ्यांतून मिळतात, परंतु त्या तपासून दिल्या जात असतील तरच घ्याव्यात.

चालू करताना प्रीअँप आधी, आणि तो तापल्यावर पॉवर अँप; बंद करताना याच्या उलट. पावसाळ्यात यंत्र महिनोन्महिने बंद ठेवू नये, अधूनमधून तासभर चालवावे, म्हणजे आतली ओल निघून जाते. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने ट्यूबच्या पिना काळवंडतात, त्या वर्षातून एकदा, यंत्र बंद करून आणि प्लग काढून, जाणकाराकडून कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून घ्याव्यात. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग सॉकेटमधून काढून ठेवावा.