मटकीला मोड येत नाहीत, वास येतो, चिकट होते? या चुका टाळा

रात्री भिजवलेली मटकी सकाळी फडक्यात बांधली आणि संध्याकाळी सोडून पाहिली, तर मोड नाहीत, दाणे बुळबुळीत आणि वर आंबूस वास. मग “मटकीच जुनी होती” म्हणून सगळी केरात जाते. जुनी असूही शकते, पण बहुतेक वेळा ती पाण्यात गुदमरून मेलेली असते.

भिजत घातलेला दाणा जिवंत असतो. पोटभर पाणी पिऊन फुगला की त्याला हवा हवी असते. फुगल्यानंतरही पाण्यातच राहिला, तर मोड फुटण्याआधीच तो मरतो आणि जिवाणूंचं आयतं खाद्य होतो. म्हणून एक वाटी मटकी किंवा मुगाला तीन वाट्या पाणी घ्या आणि ८ ते १० तासच भिजवा. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा ३८-४० अंशांवर जातो, तेव्हा ६-७ तास पुरतात. सकाळी ऑफिसला निघताना भिजवून रात्री परत येईपर्यंत १३-१४ तास होत असतील, तर सकाळी भिजवूच नका. रात्री जेवणं आटोपल्यावर भिजवा आणि सकाळी चहा ठेवताना उपसा. दाणा नखाने चिरून पाहा. आत कोरडा पांढरा ठिपका दिसला नाही, तर तो पुरता भिजला आहे. भिजवलेलं पाणी मात्र “पौष्टिक” म्हणून उसळीत घालू नका, कारण पोटात गॅस धरवणाऱ्या साखरा त्यात उतरलेल्या असतात.

दुसरी चूक निथळण्यातली, आणि ती फार घरांत होते. मटकी चाळणीत ओतली, दोनदा हलवली आणि लगेच डब्यात भरली, की तळाशी चमचाभर पाणी साचतं. तळचे दाणे तिथेच कुजतात आणि त्यांचा वास सगळ्या मटकीला लागतो. किमान १५ मिनिटं चाळणीतच राहू द्या. मग धुतलेल्या, जुन्या मऊ सुती कापडात सैल बांधा. फुगायला जागा हवी, कारण वाटीभर मटकीची अडीच-तीन वाट्या होते. पुरचुंडी पुन्हा चाळणीतच ठेवा आणि खाली एक वाडगं असू द्या. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पुरचुंडी सोडून दाणे गार पाण्याने धुवा आणि परत निथळा. इतकं केलं की चिकटपणाचा प्रश्न बहुतेक मिटतो.

थंडीत अडचण उलटी असते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरला की मोड अडून बसतात, आणि घाईने कढत पाणी ओतलं तर दाणा मरतोच. भिजवायला बोट सहज बुडवता येईल असं कोमट पाणी घ्या. पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन सुरू न करता, आणि शेजारी वाफाळत्या पाण्याचं भांडं ठेवा. पाणी निवलं की बदला. एरवी १२-१६ तासांत येणाऱ्या मोडांना थंडीत २४-३० तास लागतील, तेवढा धीर धरा.

मोडांवर पांढरी लव दिसली की बुरशी समजून मटकी फेकली जाते. नीट पाहा. लव फक्त मोडाच्या अंगावर, बारीक केसांसारखी असेल आणि पाण्याखाली धरल्यावर बसून जात असेल, तर ती मुळांची आहे, खुशाल खा. जाळं एका दाण्यावरून दुसऱ्यावर गेलेलं असेल, काळसर-हिरवट झाक किंवा कुबट वास असेल, तर ती बुरशी. अशी मटकी धुऊन वापरायची नाही, सगळी टाका. पावसाळ्यात हे जास्त होतं.

गणंग, म्हणजे भिजवूनही न फुगणारे टणक दाणे, तर प्रत्येक पोत्यात थोडे निघतातच, पण निम्मे दाणे तसेच राहिले तर धान्य जुनं आहे. मंडईतून दोन किलो एकदम आणण्याआधी मूठभर आणून २० दाणे ओल्या फडक्यात ठेवून पाहा. १७-१८ फुटले तर माल चांगला.

आता सगळ्यांत धोक्याची चूक. टेकडीवरून फिरून आल्यावर वाटीभर कच्चे मोड खाणं आरोग्याचं लक्षण मानलं जातं. पण मोडांना जी ऊब आणि ओल लागते, तीच जिवाणूंनाही मानवते, आणि दाण्याच्या भेगेत शिरलेले जिवाणू धुऊन जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली, तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत लागला; ५० हून अधिक माणसं दगावली. म्हणून मोड वाफवा, आतपर्यंत चांगले गरम होऊ द्या. गर्भवती, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना कच्चे मोड देऊच नका. राजम्याचे मोड तर कोणीच कच्चे खाऊ नयेत. त्यात विषारी द्रव्य असतं, ते खळखळत्या पाण्यात किमान १० मिनिटं उकळल्यावरच निष्प्रभ होतं. अर्धा तास उकळलेलं बरं.

व्यायामवाल्यांचा प्रथिनांचा हिशोबही इथेच चुकतो. १०० ग्रॅम कोरड्या मटकीत साधारण २३ ग्रॅम प्रथिनं असतात, पण मोड आल्यावर वजन अडीचपट होतं. म्हणजे १०० ग्रॅम मोडांत ९ ग्रॅमच्या आसपास. वाढलेलं वजन पाण्याचं आहे. उसळीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागायला मदत होते. चहा मात्र तासभर पुढे ढकला, तो लोह शोषू देत नाही.

उसळ शिजता शिजत नसेल तर आधी आंबट पाहा. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो सुरुवातीलाच पडला की दाणा घट्ट राहतो, म्हणून दाणा बोटाने चेपला गेल्यावरच घाला. बोअर किंवा टँकरच्या जड पाण्यानेही असंच होतं, त्यासाठी पिण्याचं पाणी वापरा. मिसळीची मटकी कुकरला लावू नका, फुटून पिठलं होतं. पातेल्यात झाकण ठेवून १२-१५ मिनिटांत होते. उरलेले मोड कोरडे करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.