पेढी ट्रस्टच्या नावावर करताना या चुका टाळा

जळगावच्या डाळमिलमालकांत किंवा धुळ्याकडच्या जिनिंगवाल्यांत तिसरी पिढी कामाला लागली की वाटणीचा विषय निघतो आणि कोणीतरी ‘सगळे ट्रस्टमध्ये टाकून मोकळे होऊ’ असे सुचवतो. सुचवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा टाटा असतात. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के समभाग धर्मादाय न्यासांकडे, म्हणजे ट्रस्टांकडे, आहेत हे खरे, पण ती जुनी रचना आज तशीच उभारता येत नाही. धर्मादाय न्यासाने घरच्या खाजगी कंपनीचे समभाग बाळगले तर प्राप्तिकरातील सवलत धोक्यात येते, आणि अशा न्यासाची जागा विकायची झाल्यास धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. दानधर्म खान्देशाला नवा नाही. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर प्रताप शेठजींनी १९१६ मध्येच उभारले. मात्र संस्था काढणे वेगळे आणि कारखान्याची मालकी संस्थेकडे देणे वेगळे.

म्हणून बहुतेक जण १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखालील खाजगी कौटुंबिक ट्रस्टकडे वळतात. तिथे ट्रस्टलाच धंदा करायला लावणे महागात पडते, कारण अशा नफ्यावर सहसा सर्वोच्च दराने कर लागतो. धंदा कंपनीने करावा आणि ट्रस्टने फक्त समभाग धरावेत.

सर्वांत घातक चूक मात्र कराची नाही. चारही भाऊ विश्वस्त, तेच लाभार्थी आणि तेच संचालक असतील, तर भाऊबंदकी ट्रस्टच्या दस्तात शिरते एवढेच. जर्मनीतील बॉश कंपनीचे सुमारे ९४ टक्के भांडवल प्रतिष्ठानाकडे आहे, पण मतदानाचा अधिकार जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या संस्थेकडे आहे. लाभ आणि हुकूम एका हाती राहू नयेत, हा त्यामागचा विचार आहे. आपल्याकडे निदान दोन विश्वस्त घराबाहेरचे असावेत, आणि ते घरचे सी.ए. नसावेत, कारण शेठजींना नाही म्हणणे त्यांना जड जाते. लाभांश किती वाटायचा आणि कोंडी झाल्यास निर्णय कोणाचा, हेही दस्तातच लिहावे.

मालमत्ता वडिलोपार्जित असेल तर केवळ वडिलांच्या सहीवर विसंबू नये. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीही सहदायाद, म्हणजे जन्मापासूनच्या वाटेकरी, झाल्या आहेत, आणि सासरी गेलेल्या बहिणीला न विचारता केलेला दस्त वीस वर्षांनीही न्यायालयात ओढला जाऊ शकतो. दस्त आधीच झाला असेल, तर तिला आज बोलावून, हिशेब दाखवून, तिची संमती लेखी घ्यावी.