कुटाराच्या खोलीत साप निघाला? या चुका टाळा

सोयाबीन निघालं, त्याचं कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा खोलीत भरलं की त्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे धामण. मग कुणीतरी ओरडतं, "अबे काठी आन, नाग हाय!" आणि पाच मिनिटांत अर्धी गल्ली दारात. फुकटचा मार खाण्यात धामणीइतकं दुर्दैवी जनावर आपल्याकडे दुसरं नसेल.

धामण सहज सहा-सात फुटांची होते, म्हणून माणूस आधी तिच्या लांबीलाच घाबरतो. कोंडीत सापडली की ती मान फुगवते आणि घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढते. अंधाऱ्या खोलीत लोकांना तोच फणा वाटतो. नागाचा फणा आडवा, पसरट असतो. धामणीची मान उभी फुगते. तिचे डोळे मोठे, गोल असतात आणि ओठांच्या कडेला काळ्या उभ्या रेघा दिसतात. विष अजिबात नाही. म्हशीच्या पायाला वेढा घालून दूध पिते, हेही खोटं. सापाला दूध ओढून पिताच येत नाही.

काठी घेऊन जवळ जाणं ही पहिली चूक. साप स्वतःहून माणसाच्या अंगावर येत नाही, पण पळायची वाट बंद केली तर तो चावणारच. आणि निघालेला खरंच नाग असला तर काठीवाला त्याच्या सर्वांत जवळ असतो. रॉकेल किंवा फिनाईल ओतणं ही दुसरी. त्याने साप बाहेर येण्याऐवजी ढिगात आणखी खोल जातो, कुटार वाया जातं ते वेगळंच.

करायचं एवढंच: लेकरं, कुत्रा, ढोरं बाजूला घ्या. घराकडचं दार लावून फटीत पोतं कोंबा आणि वावराकडचं उघडं ठेवा. एका जाणत्या माणसाला आठ-दहा फुटांवरून नजर ठेवायला सांगा, कारण साप नेमका कुठं गेला हे कळलं नाही तर रात्रभर घरात कुणाला झोप येत नाही. मग गावातल्या सर्पमित्राला फोन करा, नाहीतर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गर्दी नसली तर धामण बरेचदा तोवर निघूनही जाते.

आता उलटी चूक, जी मला जास्त धोक्याची वाटते. चार व्हिडिओ पाहून "हा बिनविषारी आहे" म्हणत हात घालणारे पोरं हल्ली गावोगाव आहेत. कवड्या साप निरुपद्रवी आणि मण्यार जीवघेणी, पण बॅटरीच्या उजेडात दोघं सारखेच दिसतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचे बारीक पांढरे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. डुरक्या घोणस आणि खऱ्या विषारी घोणशीचंही तसंच. खऱ्या घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे ठिपके असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. ही ओळख लांबून कुतूहल म्हणून ठेवा, उचलायचा परवाना म्हणून नाही.

चावलाच, तर साप बिनविषारी होता अशी खात्री वाटली तरी दवाखाना गाठा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत फारसं नाही, खूणही कधी कधी दिसत नाही आणि पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या मिटायला लागतात. चिरा देऊ नका, दोरी आवळू नका. अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर मिळून एकच असते. आणि मांत्रिक? साप चावलेल्याला उपचारांपासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

कोंबड्यांच्या खुराड्याशी घोरपड आली तर चौफेर घेरू नका. तिच्या नखांचा आणि शेपटीच्या फटक्याचा मार लागतो, पण तो तिला धरू पाहणाऱ्यालाच. एक बाजू मोकळी सोडली की ती धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे पळते. पूजेच्या दुकानात "हत्ताजोडी" नावाची मुळी म्हणून जे विकतात ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, हे घेणाऱ्याला सांगितलं तर कदाचित विकत घेणं थांबेल. मांडुळाला दुसरं तोंड नसतं, ती बोथट शेपटी असते; लाखो रुपयांच्या लोभानं ते पकडलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तुरुंगवारी होऊ शकते.

माळ्यावर पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड असलं आणि रात्री फिस्स-फिस्स आवाज येत असला, तर धूर करून हाकलू नका. पिल्लं मोठी झाली की उडून जातात. आवाजाचा त्रास होत असेल तर खाट दुसऱ्या खोलीत टाका; तेवढे दिवस गव्हाच्या पोत्यांना उंदरांची फारशी धास्ती नाही.