सिग्नल प्रीएम्प्शनच्या कामात नव्याने पडताना: पिवळ्याचा सापळा

अमेरिकेत एमएस करून सिग्नल टायमिंगच्या कामाला लागणारी मराठी मुलं-मुली आता बरीच आहेत. रिंग, बॅरियर, सायकल, ऑफसेट या टायमिंगच्या मूळ कल्पना तुम्ही शिकून येता. फायर इंजिन किंवा ॲम्ब्युलन्स जवळ आली की चालू क्रम मोडून तिला हिरवा देणं, म्हणजे प्रीएम्प्शन, हे मात्र वर्गात घाईने उरकलं जातं. आणि नोकरीत त्याच्याच सेटिंगचं कोष्टक लवकर समोर येतं. सुरुवातीला काही कळत नाही, छाती दडपते. ते साहजिक आहे, पण हे जमतं.

यंत्रणा सोपी आहे. गाडीच्या टपावरचा एमिटर इन्फ्रारेड झोत लुकलुकवतो. प्रचलित पद्धतीत साधारण 14 हर्ट्झ म्हणजे आपत्कालीन गाडी, 10 हर्ट्झ म्हणजे बस. मास्ट आर्मवरचा, म्हणजे दिवे टांगलेल्या आडव्या खांबावरचा, डिटेक्टर तो झोत पकडतो आणि कॅबिनेटमधलं, म्हणजे चौकातल्या सिग्नलच्या पेटीतलं, फेज सिलेक्टर कार्ड कंट्रोलरच्या (दिवे चालवणाऱ्या संगणकाच्या) प्रीएम्प्ट इनपुटला कॉल, म्हणजे मागणी, देतं. नव्या प्रणाली जीपीएस आणि रेडिओवर चालतात, त्यामुळे वळणामागून किंवा झाडाआडून येणारी गाडीही सापडते. बसला मिळते ती प्रायॉरिटी: हिरवा थोडा लांबतो किंवा थोडा लवकर येतो, कोऑर्डिनेशन, म्हणजे शेजारच्या चौकांशी जुळवलेला ताल, शाबूत राहतं. प्रीएम्प्शन ते मोडतं. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

आता सापळा. इथे सावकाश वाचा, कारण यात माणूस मरू शकतो.

फेज म्हणजे एका हालचालीला मिळणारी सिग्नलची पाळी. समजा उत्तरेकडे जाणारी वाहतूक फेज 2 वर आहे, दक्षिणेकडे जाणारी फेज 6 वर, आणि दोन्ही हिरवे आहेत. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून समोरची वाहतूक कापून जाणारं वळण ते डावं. दक्षिणेकडे जाताना डावीकडे वळणाऱ्यांना वेगळा बाण नाही, गोल हिरव्यावरच समोरच्या वाहतुकीत फट मिळाली की वळायचं. ॲम्ब्युलन्स उत्तरेकडे निघाली आहे. तिला सरळ आणि डावीकडे दोन्ही वाटा मोकळ्या हव्यात म्हणून प्रीएम्प्टमध्ये 2 आणि 5 (तिच्याच बाजूचा डाव्या वळणाचा बाण) मागितलेले असतात. 2 आधीच हिरवा आहे, तो तसाच राहतो. 5 आणायचा तर 6 बंद करायला हवा, म्हणून कंट्रोलर फक्त 6 ला पिवळा देतो. दक्षिणेकडे तोंड करून चौकाच्या मधोमध डावीकडे वळायला थांबलेल्या ड्रायव्हरला तो पिवळा दिसतो. त्याला वाटतं, समोरच्यांनाही पिवळाच झाला असणार, ते आता थांबतील. तो वळतो. समोरचा हिरवा कायम असतो आणि त्याच हिरव्यावरून ॲम्ब्युलन्स येत असते. जिच्यासाठी सगळा खटाटोप केला, तिच्याच पुढ्यात आपण गाडी आणून ठेवतो.

आपल्याकडच्या लोकांना हे सहज सुचत नाही, कारण भारतात बऱ्याच चौकांत एकेका बाजूला सुटा हिरवा मिळतो. समोरासमोरच्या हिरव्यात वळण्याची सवय कमी. दुसरं म्हणजे कॅबिनेटमधल्या मॉनिटरवरचा, म्हणजे दिव्यांवर पहारा ठेवणाऱ्या उपकरणावरचा, भाबडा विश्वास. परस्परविरोधी हिरवे एकदम लागले तर मॉनिटर चौक फ्लॅशवर टाकतो, म्हणजे नेहमीचा क्रम थांबवून दिवे नुसते लुकलुकत ठेवतो, हे खरं. पण 2 हिरवा आणि 6 पिवळा ही त्याच्या लेखी सुसंगत जोडी आहे. तो गप्प बसतो. त्याच्या लॉगमध्येही बिघाड म्हणून काही दिसत नाही.

उपाय तीन. पहिला: 2 आणि 6 दोन्ही संपवून सगळीकडे लाल, मग 2 आणि 5. पिवळ्याचे साधारण 4 आणि लालचे 2 सेकंद जातात, जाऊ द्या. दुसरा: गाड्या तिथून सरळच जात असतील तर 2 आणि 6 हिरवे ठेवून थांबा, 5 मागूच नका. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत चांगला: डाव्या वळणासाठी लुकलुकणारा पिवळा बाण. तो समोरच्या सरळ फेजला बांधलेला असतो, त्यामुळे 6 संपला तरी 2 हिरवा असेपर्यंत बाण लुकलुकत राहतो आणि ड्रायव्हरची फसगत होत नाही. पण प्रीएम्प्टच्या सेटिंगच्या पानावर तो ओव्हरलॅप, म्हणजे बाणाला दुसऱ्या फेजशी बांधणारी जोडणी, वगळलेला असेल तर सगळं मुसळ केरात. ते पान उघडून बघाच.

बाकी खेळ सेकंदांचा. ताशी 40 मैल म्हणजे सेकंदाला जवळपास 59 फूट. 2,500 फुटांवर गाडी सापडली तर हातात 42 सेकंद. 84 फुटांचा रस्ता 3.5 फूट प्रतिसेकंद वेगाने ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला 24 सेकंद लागतात. त्यात पिवळा 4, लाल 2, म्हणजे 30. पुढे दहा गाड्यांची रांग हलायला वीसेक सेकंद. गणित बसत नाही. एमयूटीसीडी या अमेरिकेच्या सिग्नल-पाट्यांच्या नियमावलीनुसार प्रीएम्प्शनमध्ये शिरताना पादचाऱ्यांचा वेळ कमी करता येतो, पिवळा आणि लाल मात्र कधीच नाही. तरी आजीबाई रस्त्याच्या मध्यावर असताना वेळ तोडणं मला पटत नाही. आधी डिटेक्शनचं अंतर वाढवता येतं का बघा. आणि ‘एंटर पेड क्लिअर’मध्ये, म्हणजे प्रीएम्प्शनमध्ये शिरताना पादचाऱ्याला ओलांडून जायला द्यायच्या वेळेच्या रकान्यात, शून्य म्हणजे ‘फेजचा नेहमीचा वेळ’ नव्हे. एनटीसीआयपी या सिग्नल उपकरणांच्या मानकानुसार फेजचा वेळ आणि हा आकडा यांतला लहान धरला जातो, म्हणजे शून्यच.

शेजारच्या चौकाचा सेटिंगचा डेटाबेस उचलून चिकटवण्याचा शॉर्टकट वापरू नका. तिथले बाण वेगळे, ओव्हरलॅप वेगळे. मार्गदर्शक शोधायचा तर कॅबिनेट उघडणारा टेक्निशियन शोधा. तो जे दहा मिनिटांत दाखवतो ते कित्येक मॅनेजरना माहीत नसतं. विचारायला लाजू नका, ही माणसं मनापासून शिकवतात.

आणखी थोडं. रेल्वे फाटकाचा प्रीएम्प्ट नेहमी वरचढ ठेवा. घटनास्थळी उभ्या गाडीचा एमिटर चालू राहिला तर चौक अडकून बसतो, म्हणून पार्किंग ब्रेक लावताच एमिटर बंद व्हावा आणि कंट्रोलरमध्येही कमाल वेळेची मर्यादा असावी. बाहेर पडताना हिरवा ताटकळलेल्या बाजूला द्या. कोऑर्डिनेशन परत जुळायला दोन-तीन सायकल लागतात, तेवढ्याने घाबरून सेटिंग बदलू नका.

चाचणी टेबलावरच करा. प्रत्येक दिशेचा कॉल प्रत्येक फेजच्या हिरव्यात, वॉकमध्ये (पादचाऱ्याला ‘चाला’ दिवा असताना) आणि पादचारी क्लिअरन्समध्ये (त्यानंतर ओलांडणं संपवायच्या वेळेत) देऊन बघा. दर वेळी नजर कॉल आलेल्या दिशेवर नको, समोरच्या डाव्या वळणाच्या दिव्यावर हवी.