व्हायबर्नम लावताय? या चुका टाळा

एप्रिल लागला की नर्सरीत ठरलेला प्रश्न येतो, “भाऊ, ते पांढऱ्या गोंड्यायचं झाड हाये का तुमच्याजवळ?” मोबाईलवर पाहिलेलं असतं. ते स्नोबॉल, म्हणजे व्हायबर्नम या फुलझुडपाच्या ओपुलस जातीचा एक प्रकार. मूळ युरोपातलं, त्याला कडाक्याची थंडी लागते. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पानं करपतात, गोंडे तर दिसतच नाहीत. पांढरी फुलंच हवीत तर तगर लावा, पैसे वाचतील.

हट्टच असेल तर व्हायबर्नमचीच दुसरी जात, सदाहरित टायनस घ्या. भूमध्य समुद्राकाठचं झाड, कोरड्या उन्हाळ्याची त्याला सवय. पण तिथला पाऊस हिवाळ्यातला, आपला भर उकाड्यातला. म्हणून दुपारची तिरीप आणि पश्चिमेची भिंत टाळली तर ते नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) काढतं आणि श्रावणात मरतं.

माझीच फजिती सांगतो. अंगणात काळ्या मातीत दोन फूट खड्डा खणला, शेणखत नि वाळू भरली, दोन टायनस लावले. उन्हाळा निघाला. पोळ्याच्या आठवड्यात पानं लोंबली. मला वाटलं तहान. दोन बादल्या ओतल्या, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. चौथ्या दिवशी उपटलं तर मुळं काळी, गटारीचा वास आणि खड्ड्यात वीतभर पाणी. काळी माती भिजून फुगली की पाणी खाली सोडत नाही. भुसभुशीत खड्डा म्हणजे तिच्यात पुरलेलं घमेलं! तेव्हापासून खड्डा खणतच नाही. मातीत मुरूम मिसळून दीड फूट उंचवटा करतो, दसऱ्यानंतर त्यावर लावतो. पानं लोंबली की आधी बोट खुपसायचं. चिखल लागला तर पाण्याची नळी हातात घ्यायची नाही.

उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी बाजूला सोडा, चहासारखं तापलेलं असतं.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या? चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही. त्यावर युरियाची मूठ फेकणाऱ्यांपुढे मी हात टेकले.

छाटणी फुलं येऊन गेल्यावरच. दिवाळीत कातर चालवली तर कळ्याच जातात.

परवा एक जण ‘लवकर वाढायचं टॉनिक’ मागायला आला. त्याला सोयाबीनच्या कुटाराचं (मळणीनंतरच्या भुशाचं) पोतं दिलं आणि सांगितलं, बुडाशी चार बोटं जाड पसर, खोडापासून वीतभर दूर. पोतं घेऊन गेला, पण तोंड वाकडं करूनच.